घटक ७ : रानफुलांचे माळ – छायाचित्र आणि छायाचित्र-ओळ

७.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर फुललेल्या माळाचे छायाचित्र कोठे उभे राहून आणि कोणत्या उजेडात घ्यावे, हे तुम्हांला सांगता येईल. अशा छायाचित्रातून कोणती माहिती निसटते ते ओळखता येईल. आणि निसटलेली माहिती भरून काढणारी छायाचित्र-ओळ नेमक्या मराठीत लिहिता येईल.

७.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, सभा, सत्कार, अपघात, पूर अशा घटनांच्या छायाचित्रांना ओळ लिहिताना कोण, काय, कोठे, केव्हा हे प्रश्न आपल्या हाताशी असतात. छायाचित्रात माणसे असतात, त्यांना नावे असतात, घटनेला तारीख असते. या घटकात आपण ज्या छायाचित्रांचा विचार करणार आहोत, त्यांत असे काहीच दिसत नाही. समोर फुललेला माळ असतो, वर ढगाळ आकाश असते, बस्स. लिहिण्यासारखे काही नाही असे वाटून लेखक ‘निसर्गाची उधळण’ हे दोन शब्द टाकतो आणि मोकळा होतो. म्हणूनच हा विषय सोपा दिसत असला, तरी तो परीक्षा पाहणारा आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करू. ‘रानफुले’ म्हटले की ‘वसंत’ हा शब्द आपल्या लेखणीतून सवयीने उतरतो. पण आपल्याकडे वसंतात फुलतात ती झाडे. फाल्गुन-चैत्रात पळस, पांगारा, काटेसावर निष्पर्ण फांद्यांवर पेटून उठतात; त्यांच्याखालची जमीन मात्र तेव्हा भाजून निघत असते. सह्याद्रीच्या पठारांवर जमिनीलगतची फुले येतात ती पावसाळ्यात, आणि त्यांचा भर असतो भाद्रपदाच्या सुमारास. याउलट अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या दक्षिण भागात पाऊस हिवाळ्यात पडतो. तेथील टेकड्या म्हणून मार्चमध्ये, खऱ्याखुऱ्या वसंतात, केशरी पॉपीच्या फुलांनी भरतात. ऋतूचे नाव वेगळे असले तरी कारण एकच आहे : जमीन भिजलेली असते, ऊन मिळू लागलेले असते आणि ओल संपण्यापूर्वी रोपाला बी धरायचे असते. तेव्हा कास पठाराच्या छायाचित्राखाली ‘वसंत फुलला’ असे लिहिणे ही केवळ अलंकाराची हौस नव्हे, ती माहितीची चूक आहे.

आपण मुख्यतः साताऱ्याजवळच्या कास पठाराचे उदाहरण घेणार आहोत, आणि वाटेत काही काळ कॅलिफोर्नियातही डोकावणार आहोत. तेथे एका वसंतात जे घडले, ते छायाचित्र आणि त्याखालची ओळ यांच्या परिणामाविषयी आपल्याला पुष्कळ शिकवणारे आहे.

७.३ विषय-विवेचन

७.३.१ माळ म्हणजे काय

छायाचित्र घेण्यापूर्वी आपण काय टिपणार आहोत हे माहीत हवे. कास पठार सातारा शहराच्या पश्चिमेस सुमारे २५ किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंचीवर आहे. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांचा एकत्रित समावेश जागतिक वारसा यादीत केला. त्यांपैकी महाराष्ट्रात चार स्थळे आहेत : कास पठार, कोयना अभयारण्य, चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि राधानगरी अभयारण्य. कासवर सपुष्प वनस्पतींच्या ८५० हून अधिक जाती नोंदवल्या गेल्याचे सांगितले जाते.

या आकड्यापेक्षा महत्त्वाची आहे ती तेथील जमीन. वैशाखात तुम्ही कासला गेलात, तर काळपट तांबड्या खडकाचे सडे आणि वाळके गवत यांखेरीज फारसे काही दिसणार नाही. हा खडक म्हणजे जांभा. त्याच्यावर मातीचा थर कोठे बोटभर, कोठे वीतभर, तर कोठे नाहीच. पावसाचे पाणी खडकात मुरत नाही. ते खळग्यांत साचते, उथळ प्रवाहांनी पठारभर झिरपत राहते. मातीच्या जाडीप्रमाणे आणि पाण्याच्या मुक्कामाप्रमाणे फुलांची वस्ती ठरते. पातळ, सतत ओल्या आणि निकृष्ट मातीत पांढऱ्या गोंड्यांचा गेंद आणि निळसर जांभळी सीतेची आसवे शेजारी-शेजारी दाटतात. माती जरा खोल झाली की गुलाबी-जांभळा तेरडा आणि पिवळी सोनकी येते. म्हणजे छायाचित्रात आपल्याला जे रंगांचे पट्टे दिसतात, तो खरे तर मातीचा आणि पाण्याचा नकाशा असतो. हे एकदा कळले की पट्टा जेथे बदलतो ती सीमारेषा टिपण्याचा मोह होतो, आणि तो मोह योग्य आहे. एका रंगाने काठोकाठ भरलेल्या चौकटीपेक्षा अशी चौकट अधिक बोलते.

सीतेच्या आसवांकडे थोडे थांबून पाहू. नाव करुण आहे. आचरण मात्र तसे नाही. ही कीटकभक्षी वनस्पती आहे. तिला खरी मुळे नसतात. चिखलात पसरलेल्या धाग्यांवर सूक्ष्म पिशव्या असतात आणि त्यांत पाण्यातील बारीक जीव ओढले जातात. निकृष्ट मातीत जे पोषण मिळत नाही, ते ती असे मिळवते. फूल जेमतेम बोटाच्या नखाएवढे. आता कल्पना करा : ज्या वनस्पतीचा सारा संसार वरच्या बोटभर चिखलात आहे, त्या चिखलावर बुटाचा पाय पडला, तर काय होते? मोडलेला देठ दिसतो. पण दाबलेला चिखल, बुजलेली पाण्याची वाट दिसत नाही.

दुसरी बाब बियांची. तेरडा, गेंद, सीतेची आसवे यांसारख्या अनेक वनस्पतींचे आयुष्य एका पावसाळ्यापुरते असते. तेरड्याचे पिकलेले फळ स्पर्शाने फुटते आणि बी उडवते, हा खेळ तुमच्यापैकी अनेकांनी लहानपणी खेळला असेल. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण आपण चंचलपणासाठी वापरतो. पण त्या थोड्या दिवसांत त्या रोपाला पुढच्या वर्षाची सारी तरतूद करावयाची असते. बी धरण्यापूर्वी तुडवलेले रोप म्हणजे त्या जागी पुढील वर्षी न आलेले फूल होय.

प्रस्तुत लेखकाने हे पुस्तकात वाचले होते, पण ते पटले ते कासवरच. पायवाटेपासून दोन पावले आत गेंदाचा एक सुरेख पुंजका होता. दोनच पावले, म्हणून आत जाऊन गुडघे टेकले, चार छायाचित्रे घेतली आणि उठलो. मागे वळून पाहतो तर गुडघ्यांच्या दोन खळग्यांत गढूळ पाणी भरू लागले होते आणि त्यांत पांढरे गोंडे तरंगत होते. ती छायाचित्रे चांगली आली आहेत. ती आजवर कोणाला दाखवलेली नाहीत.

७.३.२ कॅमेरा माळाचे काय करतो

उभे राहून फुललेला माळ पाहिला, तर दोन फुलांमधली मोकळी जमीन, खडक, चिखल, गवत हे सारे दिसते. आता कॅमेरा घोट्याच्या उंचीवर आणा. पुढच्या रांगेतील फुले मागच्या रांगेतील मोकळ्या जागा झाकतात. विरळ माळ एकदम दाट दिसू लागतो. दूरचे जवळ आणणाऱ्या भिंगाने हाच परिणाम आणखी वाढतो : ते माळाची एक अरुंद पट्टी उचलते आणि जवळची-दूरची फुले एकावर एक रचल्यासारखी दाखवते. यात खोटे काही नाही, कारण प्रत्येक फूल खरोखर तेथे आहे. तरीही पाहणाऱ्याच्या मनात उभा राहणारा अथांग, अखंड फुलांचा समुद्र त्या जागी नसतो.

शिवाय चौकटीबाहेर ठेवलेले बरेच काही असते. पायवाट, दोरी, पाटी, रखवालदार, गाड्यांची रांग, छत्र्या. आपण सारेच हे टाळून छायाचित्र घेतो, मीही घेतो. अशा शेकडो छायाचित्रांचा एकत्रित परिणाम असा होतो की, जो प्रथमच तेथे येतो, त्याला आपण माळाच्या मध्यभागी, एकटे, फुलांनी वेढलेले असू असे वाटते. तो पायवाटेवर येऊन उभा राहतो. समोर विरळ फुले, बाजूला माणसांची गर्दी. ‘मग ते छायाचित्र कोठून घेतले असेल?’ असे म्हणून तो पायवाट सोडतो.

आता गंमत पाहा. ज्या युक्तीने ही फसगत होते, तीच युक्ती माळाला वाचवूही शकते. फुलांत बसलेल्या माणसाचे छायाचित्र हवे असेल, तर त्याला फुलांत बसवण्याची गरजच नाही. माणूस पायवाटेवर बसवा. वाटेच्या वळणावर तुम्ही असे उभे राहा की त्याच्या आणि तुमच्या मध्ये कडेची फुले येतील. कॅमेरा त्या फुलांच्या उंचीवर धरा. पुढची फुले किंचित अस्पष्ट होऊन चौकटीचा खालचा भाग भरतील, आणि माणूस फुलांत बुडाल्यासारखा दिसेल. एकही पाऊल आत पडलेले नसेल. कडेची फुले तशीही सर्वांत जवळची असतात; आतली अधिक सुंदर असतात हा भ्रम लांबून पाहण्यामुळेच होतो, कारण तिरक्या नजरेला दूरचा भाग नेहमी दाट दिसतो. आत गेल्यावर तोही विरळ निघतो आणि पलीकडचा दाट दिसू लागतो. या मृगजळामागे किती माणसे किती आत गेली असतील, याचा हिशेब नाही.

उजेडाविषयी. कासचा भरात असलेला काळ ढगांचा आणि धुक्याचा असतो, आणि पर्यटक त्याबद्दल कुरकुरतात. छायाचित्रासाठी मात्र पातळ ढगांचा उजेड उत्तम, कारण तो सावल्या मऊ करतो आणि रंगांना त्यांच्या खऱ्या जागी ठेवतो. लख्ख उन्हात गेंदाचे पांढरे गोंडे आणि सोनकीच्या पिवळ्या पाकळ्या नुसते चमकणारे ठिपके होतात. त्यांतील रेषा हरवतात. मोबाइलवर हे टाळणे सोपे आहे. पडद्यावर फुलावर बोट टेकवा; बाजूला सूर्याचे छोटे चिन्ह दिसले की ते किंचित खाली ओढा. पाकळीवरील रेषा दिसू लागल्या की थांबा. ढगाळ हवेत पांढऱ्या फुलांनी चौकट भरली असेल, तर उलट करावे लागते. कॅमेरा सारे काही मध्यम करड्या तेजाचे समजून पांढरेपणा मळवतो, तेथे तेच चिन्ह थोडे वर न्यावे.

वाऱ्याला मात्र उपाय एकच : थांबणे. पठारावर वारा सहसा पडत नाही, पण त्याला खंड असतात. एका सेकंदाचा अडीचशेवा भाग किंवा त्याहून कमी वेळ उघडणारा कॅमेरा डुलणारे फूल बऱ्यापैकी स्थिर पकडतो. जवळून टिपताना तरीही वाऱ्याचा खंड साधावाच लागतो. देठ हाताने धरून फूल स्थिर करणारे लोक दिसतात. बाजूचे गवत उपटून ‘पार्श्वभूमी स्वच्छ’ करणारेही दिसतात. त्यांविषयी येथे अधिक लिहीत नाही.

घेतल्यानंतरच्या संस्कारांविषयी एवढेच सांगतो. भ्रमणध्वनीतील रंग वाढवण्याची सोय ही लेखनातील विशेषणांसारखी आहे. सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा रंग नाजूक असतो. तो थोडा वाढवला की छान वाटतो, आणखी वाढवला की जांभळी शाई सांडल्यासारखा होतो. ‘विलोभनीय’, ‘नयनरम्य’, ‘मनमोहक’ ही विशेषणे एकामागून एक ठेवली की नाम जसे दिसेनासे होते, तसेच येथे फूल दिसेनासे होते.

स्वयं-अध्ययन – १
पुढील प्रश्नांची उत्तरे चार-पाच ओळींत लिहा.
(अ) घोट्याच्या उंचीवरून घेतलेल्या छायाचित्रात विरळ माळ दाट का दिसतो?
(आ) रंगांच्या पट्ट्यांना ‘मातीचा आणि पाण्याचा नकाशा’ का म्हटले आहे?
उत्तरे लिहिल्यानंतर परिच्छेद पुन्हा वाचून पाहा. (अ)चे उत्तर घरीही पडताळता येते : टेबलावर दहा-बारा पेन्सिली अंतराअंतरावर उभ्या करा आणि एकदा वरून, एकदा टेबलाच्या कडेच्या पातळीवरून पाहा.

७.३.३ एका वसंताची गोष्ट

दक्षिण कॅलिफोर्नियात लेक एल्सिनोर नावाचे गाव आहे. त्याच्याजवळच्या वॉकर कॅन्यन या भागात २०१९ च्या मार्चमध्ये पॉपीची फुले अपूर्व बहराने आली. तेथील वाळवंटी आणि निमवाळवंटी प्रदेशांत अनेक रोपांचे बी वर्षानुवर्षे जमिनीत पडून राहते आणि पुरेसा पाऊस झालेल्या वर्षी एकदम रुजते. हिवाळ्यात पाऊस भरपूर झाला होता. केशरी टेकड्यांची छायाचित्रे समाजमाध्यमांवर पसरली आणि माणसांचे लोंढे आले. महामार्ग तुंबले. लोक फुलांत बसले, लोळले, आडवे झाले. पॉपीची फुले संध्याकाळी आणि थंड ढगाळ हवेत मिटतात. त्यामुळे सारी गर्दी उन्हाच्या त्याच तासांत एकवटली. गावाच्या यंत्रणेला शेवटी प्रवेश काही काळ बंद करावा लागला. २०२३ साली पुन्हा चांगल्या बहराची चिन्हे दिसताच, या अनुभवामुळे, वॉकर कॅन्यन हंगाम सुरू होतानाच लोकांसाठी बंद करण्यात आला.

या प्रसंगातील मला बोचणारी बाब अशी की, आलेल्यांपैकी बहुतेक लोक फुलांचे शत्रू नव्हते. ते फुलांच्या प्रेमानेच आले होते. प्रत्येकाने पाहिले की येथे कोणीतरी आधी बसून गेले आहे, गवत दबलेले आहे, तेव्हा आपण त्याच जागी बसल्याने काय बिघडणार? अशाने नवी पायवाट तयार होते. तुडवून घट्ट झालेल्या जमिनीत स्थानिक फुलांऐवजी बाहेरून आलेले चिवट गवत घुसते, आणि ती पायवाट माणसे गेल्यावरही माळावर व्रणासारखी राहते.

कासवरही गर्दीचा प्रश्न नवा नाही. येथे वनविभाग आणि परिसरातील गावांची संयुक्त वनव्यवस्थापन समिती मिळून हंगामात प्रवेशाचे नियमन करतात. आधी नोंदणी, प्रवेशशुल्क, दिवसाच्या पर्यटकसंख्येवर मर्यादा अशी व्यवस्था असते. पठाराला काही वर्षे जाळीचे कुंपण होते, ते पुढे काढण्यात आले. माणसांना अडवणारी जाळी गुरांनाही अडवते. आणि गुरांच्या चरण्याने गवत खुजे राहिले, तरच वीतभर उंचीच्या फुलांना ऊन मिळते, असे तेथील जुने जाणते सांगतात. ज्याला आपण ‘अस्पर्श निसर्ग’ म्हणतो, त्यात गुराख्याचाही वाटा असतो. तुमच्या ओळीत ‘अस्पर्श’ हा शब्द येत असेल, तर तो लिहिण्यापूर्वी हे आठवा.

७.३.४ छायाचित्र-ओळ : शब्द कोठे नेतात

आता आपण मराठीच्या विद्यार्थ्याच्या खऱ्या कामाकडे येतो. छायाचित्र पायवाटेवरून घेता येते. पण ते पायवाटेवरून घेतले आहे हे छायाचित्र स्वतः सांगू शकत नाही. ते काम ओळीचे आहे.

प्रथम एका रूढ प्रतिमेचा विचार करू : ‘फुलांचा गालिचा’. बालकवींच्या ‘फुलराणी’पासून गवताचा गालिचा मराठी वाचकाच्या ओळखीचा आहे, आणि गवताच्या बाबतीत ती प्रतिमा शोभते, कारण गवतावर आपण सहज चालतो, बसतो, मुले लोळतात. पुढे वृत्तपत्रांनी हा गालिचा उचलून फुलांवर अंथरला. गालिचा कशासाठी असतो? पाय ठेवण्यासाठी. ‘निसर्गाने फुलांच्या पायघड्या घातल्या आहेत’ ही ओळ त्याहून पुढे जाते. पायघड्या तर पाहुण्याने त्यांवरून चालत यावे यासाठीच असतात. ओळ लिहिणाऱ्याच्या मनात असे निमंत्रण नसते. पण प्रतिमा लेखकाचा हेतू विचारत नाही, ती आपला अर्थ बरोबर घेऊन येते. हजारो वाचकांना दरवर्षी ‘गालिचा पाहायला या’ असे सांगितल्यावर, त्यांनी त्यावर पाय ठेवला, तर सगळा दोष त्यांचाच कसा?

‘सडा’ हा शब्द अधिक मजेशीर आहे. प्राजक्ताचा सडा पडतो, तो गळलेल्या फुलांचा. अंगणात सडा घालतात, तो पाण्याचा किंवा शेणाचा. दोहोंतही काहीतरी वरून खाली शिंपडलेले, विखुरलेले असते. जमिनीतून उगवून उभ्या असलेल्या जिवंत फुलांना ‘फुलांचा सडा’ म्हणणे म्हणूनच सैल आहे. आणि गळलेल्या फुलांवर पाय पडला तरी झाडाचे काही बिघडत नाही, हा दिलासाही तो शब्द नकळत देतो. याच शब्दाचा दुसरा अर्थ मात्र आपल्या उपयोगाचा आहे. कोकणात आणि घाटमाथ्यावर जांभ्याच्या उघड्या सपाट माळालाच सडा म्हणतात. ‘सड्यावरची फुले’ असे लिहिले की शब्द तोच, पण आता तो खडकाचा, पातळ मातीचा, पावसाळी पाण्याचा सारा संदर्भ घेऊन येतो. एका विभक्तीप्रत्ययाने आणि शब्दयोगी अव्ययाने किती फरक पडला ते पाहा.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण. पुढील ओळ काल्पनिक आहे, पण अशा ओळी तुम्ही अनेकदा वाचल्या असतील :

‘कास पठारावर निसर्गाने रंगांची मुक्त उधळण केली असून पर्यटकांची पावले तिकडे वळू लागली आहेत.’

ही ओळ कोणत्याही वर्षी, कोणत्याही छायाचित्राखाली, केवळ ‘कास’ऐवजी दुसरे नाव घालून छापता येईल. फुलाचे नाव नाही, काळ नाही, जागा नाही. शिवाय ‘पावले वळू लागली आहेत’ हा वाक्प्रचार ज्या पावलांविषयी काळजी वाटायला हवी, त्यांना टाळ्या वाजवतो. तीच ओळ अशी लिहिता येईल :

‘सातारा : कास पठारावर जांभ्याच्या ओल्या खळग्यात भाद्रपदात फुललेली सीतेची आसवे आणि मध्ये गेंदाचे पांढरे गोंडे. पायवाटेच्या कडेने, जमिनीलगत कॅमेरा धरून घेतल्यामुळे फुले प्रत्यक्षाहून दाट दिसतात.’

दुसरे वाक्य वाचून काहींना वाटेल, आपणच आपल्या छायाचित्राचे गुपित फोडावे काय? माझे मत असे की, फोडावे. वाचकाचा विरस होत नाही. उलट, तो तेथे जाईल तेव्हा काय पाहायला मिळेल याची त्याला कल्पना येते, आणि हवे ते छायाचित्र वाटेवरूनच मिळते, हेही त्याला कळते. ‘फुले तुडवू नका’ ही पाटी सांगते ती आज्ञा असते. ही ओळ तेच काम माहितीतून करते. दोन्हींचा सूर वेगळा आहे, आणि प्रौढ वाचकाला दुसरा अधिक मानवतो.

नावाविषयी थोडे. ‘पिवळी फुले’ म्हणण्याने काही कळत नाही. सोनकी आणि कवला दोन्ही पिवळी. सोनकीचे ‘एक फूल’ म्हणजे अनेक इवल्या फुलांचा गुच्छ असतो; कवल्याचे फूल वाटाण्याच्या फुलाच्या कुळातले, आणि त्यावर दोन तांबडे ठिपके. या ठिपक्यांमुळे पर्यटक त्याला ‘मिकी माऊस’ म्हणतात. ते नावही नोंदवायला हरकत नाही, भाषा अशीही वाढते. पण ‘कवला’ टाकून देऊन नव्हे. नाव ठाऊक नसेल, तर स्थानिक माणसाला विचारावे. तेही साधले नाही, तर रंग, आकार आणि वाढीची जागा यांचे साधे वर्णन करावे. अंदाजाने नाव ठोकून देऊ नये.

वर्ष लिहिणे अनेकांना अनावश्यक वाटते. कारवीचे उदाहरण घ्या. टोपली कारवी सात वर्षांतून एकदा सामूहिकपणे फुलते, आणि त्या वर्षी टेकड्या निळ्या-जांभळ्या होतात. अशा वर्षाचे छायाचित्र वर्ष न लिहिता प्रसृत झाले की ते पुढील सहा वर्षे दर पावसाळ्यात ‘सध्याचे दृश्य’ म्हणून फिरत राहते. लांबून आलेली कुटुंबे हिरव्या झुडपांसमोर उभी राहून विचारतात, ‘फुले कोठे आहेत?’ एक चार अंकी संख्या त्यांचा दिवस वाचवू शकली असती.

स्थळ सांगावे हा नियम. पण त्याला एक अपवाद आहे. कंदीलपुष्पासारख्या दुर्मिळ वनस्पतींची नेमकी जागा ओळीत देऊ नये. त्यांचे कंद खणले जातात, आणि आधीच मोजकी असलेली रोपे नाहीशी होतात. ‘सातारा जिल्ह्यातील पठारावर’ एवढे पुरे. येथे आणखी एक दक्षता हवी : मोबाइलने घेतलेल्या छायाचित्राबरोबर अनेकदा ठिकाणाची नोंद आपोआप साठवली जाते. तुम्ही ओळीत लपवलेली जागा छायाचित्र स्वतःच सांगून टाकते. कॅमेऱ्याच्या मांडणीत जाऊन ठिकाणाची नोंद आधी बंद करावी, मग छायाचित्र घ्यावे.

स्वयं-अध्ययन – २
(अ) ‘फुलांचा सडा’ आणि ‘सड्यावरची फुले’ या दोन शब्दप्रयोगांतील अर्थभेद स्पष्ट करा.
(आ) पुढील ओळीतील त्रुटी सांगून ती नव्याने लिहा : ‘सह्याद्रीच्या कुशीत अस्पर्श निसर्गाने अंथरला मनमोहक फुलांचा गालिचा.’
(आ) सोडवताना तुमच्या मनात एक निश्चित छायाचित्र असू द्या. छायाचित्राशिवाय ओळ सुधारता येत नाही, केवळ शब्द बदलता येतात.

७.४ क्षेत्रीय कार्य

या कार्यासाठी कासला जाण्याची आवश्यकता नाही. तुमच्यापैकी अनेक जण नोकरी, शेती, घरकाम सांभाळून हा अभ्यासक्रम पूर्ण करीत आहेत. श्रावण ते आश्विन या काळात तुमच्या गावाजवळचा बांध, गायरान, रेल्वेमार्गाकडेची मोकळी जमीन किंवा गावाबाहेरचा माळ निवडा. तेथे तरोट्याची पिवळी फुले असतील, कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे असतील, रानतेरडा असेल. उन्हाळ्यात हे पुस्तक हाती आले असेल, तर फुललेला पळस घ्या. तो उभ्यानेच टिपता येतो आणि त्याच्याखाली गळलेल्या फुलांना ‘सडा’ म्हणण्याची तुम्हांला पूर्ण मोकळीक आहे.

त्या जागेची दोन छायाचित्रे घ्या. एक उभे राहून, जसे डोळ्यांना दिसते तसे, वाट आणि आजूबाजूचे सारे चौकटीत ठेवून. दुसरे वाटेवरच बसून, कॅमेरा फुलांच्या उंचीवर धरून. दोन्ही छायाचित्रे शेजारी ठेवा आणि प्रत्येकाला चाळीस शब्दांच्या आत ओळ लिहा. फुलाचे गावात प्रचलित असलेले नाव घरातील किंवा शेजारच्या वडीलधाऱ्या व्यक्तीला विचारून घ्या. एकाच फुलाला दोन नावे मिळाली, तर दोन्ही लिहा आणि ती कोणाकडून मिळाली त्याची नोंद वहीत ठेवा. संपर्कसत्राला येताना दोन्ही छायाचित्रे बरोबर आणा. तेथे आपण ओळी झाकून आधी केवळ छायाचित्रे पाहणार आहोत, आणि छायाचित्रकार कोठे उभा होता हे इतरांनी ओळखायचे आहे.